गजूने सोडलेली मोकळी जागा

फोन आला तेव्हा मी मूर्तिजापूरला एका लग्नाचे फोटो काढत होतो. नवरा-नवरी हार घालायच्या बेतात होते आणि पलीकडून गजूचा धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, भाऊ गेला..." कॅमेरा साथीदाराकडे दिला आणि तसाच अमरावतीची बस धरली. हृदयविकाराचा झटका म्हणे. चाळिशीही धड ओलांडली नव्हती त्याने.

गजू वेबसाइट तयार करायचा. आमची मैत्री चित्रकलेच्या कॉलेजातली. मी अकोल्यात स्टुडिओ टाकला, तो अमरावतीतच राहिला. माझी वेबसाइट त्याने हट्टाने करून दिली. मला गुलाबाची चौकट हवी होती, नावाला सोनेरी सावली हवी होती, आणि चंद्रात बसवलेली नवरी तर हवीच होती. गिऱ्हाईक भाळतं ते तिच्यावरच! तो हसत सुटला. "अबे, फोटो दाखवून राह्यला का फुलाचं दुकान लावून राह्यला?" मग एकेक गोष्ट काढत गेला. शेवटी एकच मोठा फोटो उरला, हळद लागलेल्या नवरीचा. त्या हळदीचाच रंग उचलून त्याने बटणांना दिला, दुसरा रंग घेऊच दिला नाही. मथळ्याला एक अक्षरवळण, मजकुराला दुसरं, तिसरं नाही. फोटो डावीकडे, आणि उजवीकडे भलीमोठी जागा कोरी. मी वैतागलो. "इथं काय टाकू?"

"काहीच नको टाकू. डोळ्याले टेकाले जागा लागते." खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "आता डोळे बारीक कर. काय दिसते?" बाकी सगळं धूसर झालं होतं, फक्त नवरी दिसत होती. "झालं तर मंग," गजू म्हणाला. काम संपलं की तो हेच म्हणायचा.

तेरवीच्या आधी श्रद्धांजलीच्या बॅनरचं काम माझ्याकडे आलं. गजूच्या वडिलांचं बिछायत केंद्र आहे, उभा जन्म मांडवांना झालरी लावण्यात गेलेला. काका म्हणाले, "दिवा टाक, ढग टाक, समद्या सोयऱ्यायचे फोटो टाक." मी गजूच्याच कॉम्प्युटरवर बसलो आणि हात चालेना. ज्याने आयुष्यभर असली गर्दी उपसली, त्यालाच तिच्यात कसं कोंबायचं? पण पोरगा गेलेल्या बापाला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं... शेवटी एका बाजूला गजूचा फोटो, खाली नाव, बाकी सगळं कोरं, असं करून काकांना दाखवलं.

"एवढी जागा काहून सोडली? लोकं म्हणतीन, बापानं हात आखडला."

"काका, एकदा डोळे बारीक करून पाहा. गजू मलेही असंच पाहाले लावे."

काकांनी चष्मा काढला. डोळे बारीक केले.

"गजूच दिसते फक्त..." त्यांनी चष्मा परत चढवला. "राहू दे असंच."

बॅनर आता उतरला. माझी वेबसाइट तशीच आहे. उजवीकडे काही राहून गेलंय का, असं परवाही एका गिऱ्हाइकाने विचारलं. एकदा वाटलं होतं, तिथे गजूचा फोटो लावावा. तो चिडला असता. अजूनही नवं काही केलं की मी खुर्ची मागे सरकवतो, डोळे बारीक करतो. दिसायचं ते नीट दिसतं. मग उगाच थोडा वेळ थांबतो... 'झालं तर मंग' म्हणणारं आता कोणी नाही.