चौकटीत कोणाचं नाव लिहायचं

अहेरीच्या आमच्या वाचनालयात पुस्तकं कमी आणि परीक्षेला बसणारी मुलं जास्त. त्यामुळे चंद्रपूरच्या मोठ्या ग्रंथालयाची वेबसाइट आमच्याकडे सुरू झाली तेव्हा मी हरखून गेले. पुस्तक शोधायचं, बटण दाबायचं, की ते एसटीने इथे येणार. पानावर एक कोरी चौकट, शेजारी भिंगाचं चित्र आणि एकच शब्द : शोधा. काय शोधा, ते लिहायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी आतल्या खेड्यातली एक मुलगी त्या संगणकापुढे बसली. वनरक्षक भरतीची तिची ही शेवटची संधी होती. पुढच्या वेळी ती वयात बसणार नव्हती. मी काउंटरवरच्या गर्दीत अडकलेली. मोकळी होऊन पाहते तर ती निघून गेलेली. पडद्यावर, त्या चौकटीत तिचं स्वतःचंच पूर्ण नाव, गावासकट. खाली उत्तर : काहीही सापडले नाही.

ती काय समजून गेली, ते मला लगेच कळलं. रेशन, घरकुल, धानाचा बोनस... इकडच्या माणसाला संगणकावर कोरी चौकट भेटते ती यादीत आपलं नाव आहे का हे पाहायलाच. नसलं तर भांडायचं नाही, मुकाट्याने घरी जायचं, हेही अंगवळणी पडलेलं.

मी वेबसाइटवाल्याला फोन लावला.

"भिंग हाय ना तिथी, बाई! साऱ्या दुनियेले समजते."

"आमच्या इथल्या लोकायले नाई समजत, भाऊ. 'पुस्तकाचं नाव लिहा' एवढंच टाकून द्या."

"डिझाइन बिघडते, बाई."

तुझं डिझाइन घाल चुलीत, असं अगदी ओठांवर आलं होतं.

शेवटी एका पुठ्ठ्यावर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'इथे पुस्तकाचं नाव लिहा, तुमचं नको.' तो पडद्याच्या वर चिकटवला. बाकीच्यांचं काम भागलं. तिचा फोन मात्र लागेना. गावात टॉवरच नाही. तिकडून बाजाराला येणाऱ्या प्रत्येकाजवळ मी निरोप धाडला. परीक्षा जवळ येऊ लागली तसा माझा जीव टांगणीला लागला. घरी मी विनाकारण सगळ्यांवर खेकसायची. अखेर परीक्षा होऊनही गेली.

त्यानंतरच्या बाजारी ती आली. निरोप तिला पोचलाच नव्हता. तिने वाचनालयाचं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"हे ठेवून घ्या, बाई. इथीबी माझं नाव नाई."

मी तिला हाताला धरून संगणकापुढे बसवलं आणि चौकटीत भरतीच्या पुस्तकाचं नाव टाकलं. पुस्तक लगेच दिसलं. उपलब्ध होतं. ती वरचा पुठ्ठा वाचत राहिली.

"पेपर कसा गेला?" मी कसंबसं विचारलं.

"अर्धे प्रश्न कुठचे होते, तेच नाई समजलं."

मला रडू फुटलं. ती मात्र पडद्याकडे पाहत होती.

"मागवा ना, बाई," ती म्हणाली. "त्यात काय होतं, ते पाहू तरी."