मार्कंडादेवाच्या बंद दारात

माझ्या हातून पहिल्याच दिवशी घोळ झाला. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला कुणी फार शहाणा समजणार नाही. कोरोनाची दुसरी लाट होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी औषधं देणारा फार्मासिस्ट. डॉक्टरसाहेबांनी बोलावून सांगितलं, "भाऊ, दवाखान्यातले आपलेच लोक खचून राह्यले. रोज पाच जणांना फोन करा, विचारपूस करा. तुमी बोलके आहा." सोबत एक छापील प्रश्नावली दिली. घरी बायको जिला वटवट म्हणते, तिला शेवटी सरकारी काम मिळालं. मी उत्साहानं कोविड वॉर्डातल्या सिस्टरला फोन लावला आणि खणखणीत आवाजात पहिला प्रश्न वाचला, "आज आपल्याला रडावंसं वाटलं का? हो किंवा नाही." सिस्टरच्या हातात दुहेरी मोजे, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, सफाईवाल्या मावशीनं स्पीकर लावून धरलेला. सगळ्या वॉर्डानं ऐकलं. आठ नंबरच्या खाटेवरून एक म्हातारा ओरडला, "हो जी, मले वाट्टे! माहंबी नाव लिवा!"

वॉर्ड हसला, सिस्टरही हसली. "लिहितो बाबा, उद्या पुन्हा विचारतो," म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी लाजेनं फोन केलाच नाही, सिस्टरच्या नावापुढं 'ठीक' लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी आठ नंबरची खाट रिकामी झाली. म्हाताऱ्याला कापडात बांधायला सिस्टर आणि मावशी, दोघीच होत्या. त्यानंतर सिस्टर कामापुरतं बोलायची, मग तेवढंही बोलेना.

तिची सात दिवसांची ड्यूटी संपली आणि विलगीकरणासाठी ती दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकटी राहिली. नवरा आणि लेक ब्रह्मपुरीला. दाराबाहेर ठेवलेला डबा तसाच परत येऊ लागला. मग डॉक्टरसाहेबांनी तिचा राजीनामा दाखवला. म्हणाले, "भाऊ, मले राजीनाम्याची भीती नाही. पोरगी जेवत नाही, फोन उचलत नाही, त्याची आहे." माझ्या कागदावर तिच्यापुढं अजून 'ठीक'च होतं.

मी तिच्या दारात गेलो. तीन विनोद ठरवून गेलो होतो, हे सांगायलाही लाज वाटते. दोन सांगून झाले. आतून आवाज आला, "भाऊ, जा तुमी." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. गाडी काढली आणि थेट वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या देवळाकडं गेलो. दर शिवरात्रीला मी त्या महादेवाला हात जोडत आलो, पण त्या दिवशी मी भांडायला निघालो होतो. एका मार्कंडेयासाठी तू यमाला दारातून परत धाडलंस, मग आमच्या वॉर्डाच्या वेळी कुठं होतास? पण देवळाला कुलूप. वैनगंगेचं पात्र नुसतं रेतीचं पांढरं पडलेलं, उन्हानं डोळे दुखत होते. भांडायलाही समोर कुणी नव्हतं.

दारापाशी बेल-फुलं विकणारी एक म्हातारी बाई होती. यात्रा बंद, गिऱ्हाईक नाही, म्हणून देवळाच्या वाटेवरच तिनं मोहफुलं वाळत घातली होती. "उनात काऊन उभा राह्यला, बापू? बस," म्हणाली. तोंडाला पदर लावून दोन हात लांबची सावली दाखवली. मी बसलो. आता ही विचारेल, मग मी सगळं सांगेन, अशी माझी तयारी. ती विचारेना. फुलं खालीवर करी, माझ्याकडं बघे, पुन्हा फुलं. अर्धा तास गेला असेल. मला रडू कसं फुटलं कळलं नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस, मिशीसकट रडलो. तिनं थांबवलं नाही.

"झालं? आता पानी पी," एवढं म्हणाली. मी निघताना आपणहून बोलली, "माहा मानूस गेला तवा लोकं लय बोलून गेले. येक शेजारीन नुसती बसून राह्यली. माह्या ध्यानात तेच हाये."

परत येताना घरी गेलो नाही. सिस्टरच्या क्वार्टरसमोर कडुनिंबाखाली जाऊन बसलो. कागद नाही, विनोद नाही. जीभ सारखी वळवळत होती, तिला दाताखाली धरली. ऊन उतरलं तेव्हा खिडकीशी सावली हलली.

"भाऊ, काऊन बसले?"

"असाच."

ती खिडकीच्या जाळीपाशी आली. मग म्हणाली, "त्या आठ नंबरच्या बाबानं चहा मागितला होता. मी म्हटलं, शिफ्ट संपली का आणतो. भाऊ, एक कप चहा होता फक्त." आणि ती रडली. तुझी चूक नाही, असं माझ्या ओठापर्यंत आलं होतं, मागं कुणी धरून ठेवलं मला ठाऊक नाही. नाहीतर गप्प बसण्याचा गुण माझ्या सात पिढ्यांत नाही. खूप वेळानं तिनं दार उघडून डबा आत घेतला.

राजीनामा तिनं लगेच मागं घेतला नाही. पण विलगीकरण संपलं त्या सकाळी ती किट घालून वॉर्डात उभी होती. पुढं माणसं जातच राहिली, यमाला कुणी परत धाडलं नाही. मी एवढंच शिकलो की सगळ्यांना सावरायचं काम माझ्याकडं कधी नव्हतंच. ज्याच्याकडं आहे, त्याच्या पायाशी ते ठेवून नुसतं सोबतीला बसावं. देऊळ उघडल्यावर मी त्या बेलवाल्या बाईला नमस्कार करायला गेलो. तिनं मला ओळखलंच नाही. "मी? कवा?" म्हणाली आणि दहा रुपयांचा बेल दिला. महादेवापुढं तो वाहताना या खेपेला मी काही मागितलं नाही.

सिस्टरनं डबा आत घेतला त्या संध्याकाळी घरी आलो, तेव्हा अंगणातूनच बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं होतं. घरच्यांना लागण नको म्हणून दोन महिने मी बाहेरच्या खोलीत वेगळा राहत होतो, ताट उंबऱ्यावर यायचं. तिनं ताट ठेवलं, पण नेहमीसारखी आत गेली नाही. म्हणाली, "तिच्यापाशी बसले, चांगलं केलं. मीबी दोन महिन्यांपासून या घरात एकटीच आहो. आता मले कवा इचारान?"