चिंध्या भरलेले बूट

बासष्टच्या लढाईत बर्फानं शालिकरामच्या दोन्ही पायांची बोटं खाल्ली, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी नेली आणि पाय असे बधिर केले की खडा रुतला तरी त्याला कळू नये. फौजेनं त्याला राजेगावला घरी पाठवलं. डॉक्टरांच्या बोर्डाचा निकाल मागाहून इंग्रजीत आला. नंदकिशोर मास्तरांनी तो वाचून दाखवला: चाल व्यवस्थित, अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी, पेन्शन नामंजूर.

"चाल व्यवस्थित?" त्याची बायको सत्यभामा कडाडली. "बोटांबिगर धानाच्या चिखलात चार पावलं टाकून दाखवा म्हना त्यायले! तुमचे पाय पाह्यले का कोनी?"

"बूट काढा म्हनलेच नाही," शालिकराम म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. हा बहाद्दर बोर्डापुढे गेला तो बुटांच्या टोकांत चिंध्या ठासून, पाय दणादण आपटत. कडक सॅल्यूट ठोकला. सावधान उभा राहिला तेव्हा अर्धी बोटं मुठीत झाकली गेली. तिघा साहेबांनी एकदा मान वर केली आणि लिहून टाकलं. एवढे शिकलेले, पण एकालाही बुटाची नाडी सोडायला सांगावंसं वाटू नये? कसले डॉक्टर आणि कसलं काय!

मास्तरांनी अपील लिहून दिलं. दीड वर्षानं बोलावणं आलं.

"या खेपेले चिंध्या नोका भरू," सत्यभामा रोज बजावायची.

"साहेबापुढं लंगडत जाऊ? फौजी आहो मी."

ती हट्टानं सोबत गेली. बुटांची चकाकी जाऊ नये म्हणून तो दवाखान्यापर्यंत मागून पट्टा बांधलेल्या चपला घालूनच चालला. बूट पिशवीत, आणि पिशवी तिच्याकडे. व्हरांड्यात तो कागद दाखवायला गेला तेवढ्यात तिनं चिंध्या उपसून पदराखाली दडवल्या. त्यानं घाईनं बूट चढवले. बधिर पायांना काही कळलं नाही.

ती दारातून बघत होती. तिसऱ्या पावलाला बुटाचं टोक दुमडलं आणि शालिकराम साहेबांच्या टेबलापुढे पालथा पडला. सावरायला डावा हात टाकला, तोही निसटला.

"जूते उतारो इसके," शेवटी एक डॉक्टर म्हणाला.

सत्यभामेला भडभडून आलं, पण रडण्यापेक्षा संतापच जास्त होता. बर्फात नऊ रात्री उभा राहिलेला माणूस! त्याचं खरं वाटायला त्याला यांच्या पुसलेल्या फरशीवर तोंडघशी पडावं लागलं, आणि ते पाडणं तिच्या हातून व्हावं लागलं.

परतल्यावर तो तिच्याशी तीन महिने बोलला नाही. ऑगस्टात मंजुरीचं पत्र आलं. पन्नास टक्के. मास्तर वाचत होते, तो भिंतीकडे बघत बसला होता. मास्तर गेल्यावर त्यानं बूट आणून तिच्यापुढे ठेवले.

"चिंध्या भर. परवा शाळेत झेंडा आहे."

सत्यभामा त्या तिघा डॉक्टरांना शिव्या देत चिंध्या भरत राहिली. टोक अंगठ्यानं दाबलं तरी दबेना, तेव्हा कुठे तिनं बूट त्याच्या हातात दिले.