गाडीखालचा श्वास

पाना गाडीखाली असला की ठणठणीत असायचा. आम्ही सगळे तिथेच फसलो.

पाना म्हणजे माझा मित्र, गॅरेजमधला मेकॅनिक. चाकं लावलेल्या फळीवर उताणा पडून तो गाडीखाली सरकायचा. तिथूनच गप्पा हाणायचा, माझ्या कवितांवरून टोमणे मारायचा. बाहेर येऊन उभा राहिला की मात्र धापा टाकायचा. पाणी प्यायला नळापर्यंत गेला तरी वाटेत खांब धरायचा.

"खाली शिरलास की बाहेर यायचं नाव नाही," मालक म्हणायचे. "एसी बसवलाय का रे खाली?"

"वारा चांगला लागतो, मालक."

तो खरं तेच सांगत होता. आम्ही हसायचो.

त्याचं लिव्हर लहानपणापासून खराब होतं. गोळ्या चालू होत्या. दम लागतो तो धुळीनं, असं आम्हीच ठरवून टाकलं. मग त्याची नखं निळसर दिसू लागली. ताईनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. मीही गेलो.

डॉक्टरबाईंनी त्याला झोपवून ऑक्सिजन मोजला, मग उभं करून मोजला. आकडा घसरला.

"झोपल्यावर बरं वाटतं?"

"माझा धंदाच झोपायचा आहे, मॅडम."

बाई हसल्या नाहीत. लिव्हरच्या आजारानं फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्या होत्या. रक्त पुरेसा ऑक्सिजन न घेताच पुढे जात होतं, उभं राहिलं की जास्तच. उपाय एकच, लिव्हर बदलणं. त्यानंतर बहुतेकांची फुप्फुसं सुधारतात, बाई म्हणाल्या, पण सावकाश. काही महिने लागतात. काही जण तेवढे तग धरत नाहीत.

ताईनं स्वतःच्या लिव्हरचा तुकडा दिला. "लहानपणी माझ्या ताटातलं पळवायचास. आता हेही घे."

ऑपरेशन झालं. ताई हिंडूफिरू लागली. पानाच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला. नाकातली ऑक्सिजनची नळी मात्र तशीच राहिली.

मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जातो. दाराबाहेर थांबून आधी ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकतो, मग आत पाऊल टाकतो. ताई त्याच्या उशाशी बसलेली असते. आपण दिलेलं वाया तर जात नाही ना, हे ती कुणाला विचारणार?

काल पाना म्हणाला, "मला बसवा."

बसवलं. तिघंही त्याच्या बोटावरच्या यंत्राकडे बघत राहिलो. आकडा उतरला. ताईनं त्याला परत निजवायला उशी उचलली.

"थांब गं जरा."

आकडा आणखी एकानं उतरला. मग तिथेच राहिला. पूर्वी तो असा थांबत नसे. बोललो तर आकडा पुन्हा पडेल, असं मला वाटत होतं.

पाना खिडकीबाहेर बघत होता. किती दिवसांनी त्याला छताऐवजी रस्ता दिसत होता.

"त्या पांढऱ्या गाडीचं मागचं चाक डुगडुगतंय," तो म्हणाला. "कुणीतरी सांगा त्याला."

ताईनं बाहेर बघितलं नाही. तिची नजर आकड्यावरच होती, आणि उशी अजून हातात.