दोन क्लचची गाडी

पेणच्या खाडीकडच्या गावातल्या सरूला दोनच गोष्टी नीट येत होत्या, असं ती स्वतःच म्हणायची: पोह्यांचे पापड लाटणं आणि माणसं बोलती करणं. पापड तिनं लाटायचे आणि नवऱ्यानं, दिनानाथनं, ते छोट्या टेम्पोतून वडखळमार्गे रोह्याच्या दुकानांत आणि धाटावच्या कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये पोचवायचे, अशी बारा वर्षं गेली. मग दिनानाथचा डावा गुडघा कामातून गेला. ऑपरेशननंतर तो काठी घेऊन चालू लागला, पण क्लच दाबायला गेला की डोळ्यांत पाणी यायचं. टेम्पो अंगणात ताडपत्री पांघरून बसला. दोन ड्रायव्हर आले आणि गेले. शेवटी सेहेचाळीस वर्षांच्या सरूनं पेणच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा कॉम्प्युटरवर झाली. पंधरा प्रश्नांतले नऊ बरोबर यायला हवे होते, तिचे अकरा आले. कुठले अकरा, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

खरा घोळ पक्क्या टेस्टचा. तिथं काय करायला लावतात, हे ती भेटेल त्याला विचारायची. शेजारची पिंकी म्हणाली, "आठ काढायला लावतात गो काकी." धाटावला शिफ्टला जाणारा पुतण्या प्रवीण म्हणाला, "आठचं सोड. नुसती रिव्हर्स घेतात." रिक्षावाल्या काळुरामनं वेगळंच सांगितलं, "चढावर थांबवतात. गाडी वीतभर मागं आली की नापास." सरू रात्री डोळे मिटायची तर आठ, रिव्हर्स आणि चढ एकात एक गुंतलेले दिसायचे.

शिकवणारा सुशील मात्र निर्धास्त होता. "मी हाय ना काकी, घाबरायचं नाय." आणि खरंच, वीस दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नव्हती. वडखळच्या चौकात मागून ट्रेलर भोंगा वाजवत असतानासुद्धा नाही.

टेस्टच्या दिवशी सुशील बाहेर उभा राहिला आणि त्याच्या जागी इन्स्पेक्टर मॅडम येऊन बसल्या. सरूनं पट्टा लावला, आरसा नीट केला, पहिला गिअर टाकला. गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच.

"मॅडम, ही गाडी बिघडली हाय," सरू म्हणाली. "रोज अशी नाय करत."

मॅडमनी खाली वाकून आपल्या पायांपाशी पाहिलं. "मावशी, शिकवताना ते इकडून क्लच दाबायचे का?"

"तिकडं पण क्लच हाय? मला वाटलं नुसता ब्रेक हाय, वेळप्रसंगाला."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "सात दिवसांनंतर पुन्हा या."

सरू उतरली ती थेट सुशीलपुढं जाऊन उभी राहिली. "खरं सांग. वडखळच्या चौकात गाडी कोण चालवत होतं? मी का तू?"

सुशीलनं मान खाली घातली. "दोघं, काकी. गाडी बंद पडली की मागचे भोंगे वाजवतात, तुम्ही घाबरता. म्हणून मी जरा..."

घरी येईपर्यंत तिच्या डोक्याचा भुगा झाला. कुठलं वळण आपलं होतं आणि कुठलं सुशीलच्या पायाचं? जे येतंय असं वाटत होतं त्यातलं खरंच किती येतंय?

दिनानाथनं सगळं ऐकून घेतलं आणि टेम्पोवरची ताडपत्री ओढून काढली. पुढंमागं लाल अक्षरात 'एल' चिकटवला. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात तो काठी धरून तिच्या शेजारी बसला. "इकडं काय एक नाय, बघ. क्लच हळूहळू सोड. गाडी थरथरली की पाय तिथंच धर."

पहिल्या सकाळी टेम्पो अकरा वेळा बंद पडला. दर वेळी सवयीनं दिनानाथचाही डावा पाय खाली दाबला जायचा आणि सरूच्या आधी तोच ओरडायचा, "आई गं!"

आठवडाभरानं दुसरी टेस्ट. मॅडमनी गाडी पुढं घ्यायला लावली, मागं घ्यायला लावली आणि चढावर थांबवायला सांगितलं. आठ काढायला कुणीच सांगितलं नाही. चढावरून निघताना सरूला वाटलं, गाडी मागं सरकली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "उतरा."

सरू बाकावर बसून राहिली. मॅडम पुन्हा दिसल्या तशी उठली. "परत कधी येऊ?"

"कशाला? पास झालात. लायसन्स पोस्टानं येईल."

"पण चढावर गाडी मागं आली ना?"

"नाही आली. कुंपणापलीकडचा ट्रक पुढं गेला."

सरूनं नुसतेच हात जोडले.

लायसन्स आल्यावर ती पापड घेऊन धाटावला निघाली, दिनानाथ शेजारी. शिफ्ट सुटायची वेळ होती. गेटासमोर मोटरसायकलींच्या गर्दीत टेम्पो बंद पडला. चहूकडून भोंगे. सरूनं दुसऱ्या झटक्याला गाडी सुरू केली आणि माल वेळेत उतरवला.

परतताना रस्त्याकडेला एक गोल पाटी दिसली, आत कसलासा बाण. "याचा अर्थ काय हो?" तिनं विचारलं.

दिनानाथनं मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. "बारा वर्षं बघतोय," तो म्हणाला, "पण नाय माहीत."