वीस मिनिटांचा खुलासा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो. खोटं कशाला बोलू, हसायला वाचतो. अमावास्या, पांढरी साडी, आणि गाडी बंद पडली की पेट्रोल तपासायच्या आधी भूत! मी सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात गेली. देव, भूत, साक्षात्कार, कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. छप्पन साली माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या घरात 'कशावरून?' असं विचारल्याशिवाय कुठलीच गोष्ट आत येत नाही. त्यामुळे पुढचं वाचून कोणी हसलं तर माझी तक्रार नाही.

आम्ही वाघोलीला राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी प्रज्ञा. ती तिथल्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजात गणित शिकवते. माझी पत्नी सुमन तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. शेवटचे अकरा दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती, आणि गेली त्या दुपारी तिच्याजवळ कोणीही नव्हतं. प्रज्ञा कॉलेजातून निघाली होती. आणि मी… औषधांच्या रांगेत होतो. निदान सगळ्यांना मी तसं सांगितलं होतं.

खरं काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रांग वगैरे काही नव्हती. सुमनच म्हणाली, "अहो, खाली जाऊन चहा घेऊन या, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या." मी गेलो. चहा घेतला आणि अर्धा कप घेऊन परत निघालो, तर लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये बंद पडली. दिवा गेला. आत मी एकटा. बंद जागेत माझा जीव घाबरा होतो. कप कलंडून चहा अंगावर सांडला. दार बडवलं, ओरडलो. मग वरून, म्हणजे छताकडच्या जाळीतून, एक आवाज आला. शांत होता अगदी. "बसून घ्या. गुडघे दुखतील नाहीतर." स्पीकरवरून सिक्युरिटीवाला बोलत असेल असं मला वाटलं. मी खाली बसलो, आणि का कोण जाणे, भीती गेली. वीसेक मिनिटांनी लिफ्ट सुरू झाली. मी खोलीत पोचलो तेव्हा सुमन गेलेली होती.

बायको शेवटचे श्वास घेत होती तेव्हा मी चहा प्यायला गेलो होतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून रांग.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी जेवताना प्रज्ञा म्हणाली, "बाबा, मी ख्रिस्ती व्हायचं ठरवतेय."

माझा घास हातातच राहिला. कोणी मुलगा आहे का, विचारलं. नव्हता. कोणी मागे लागलंय का? तेही नव्हतं. दोन वर्षं ती वाचत होती, विचार करत होती, आणि मला कळू दिलं नव्हतं.

"तोंडी चर्चा नको," मी म्हणालो. "टिपणी सादर कर."

कटकट टळावी म्हणून बोललो होतो. पण मुलगी माझी. शनिवारी टीपॉयवर फाइल हजर. टॅग लावलेली, समास सोडलेला, वर सुवाच्य अक्षरात — 'विषय : देव आहे किंवा कसे.'

पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं : 'बाबा, प्रत्येक पत्रावर संदर्भ असतो. त्या संदर्भाच्या पत्रावर आणखी एक संदर्भ. पण कितीही मागे गेलं तरी कुठेतरी एक पत्र असं हवंच, जे कशाच्याही उत्तरादाखल लिहिलेलं नाही. नाहीतर पत्रव्यवहार सुरूच झाला नसता. जगाचंही तसंच आहे.'

मी शेरा मारला : 'पहिलं पत्र लिहिणारा बहुधा अर्जदार असतो. तो देव असल्याचे आढळून आलेले नाही.'

मग तिने विश्वाच्या नियमांवर लिहिलं. ते इतके नेमके आहेत, की जरा इकडेतिकडे झाले असते तर ना तारे, ना पाणी, ना आपण. मी लिहिलं, 'माझी पाच ठिकाणी बदली झाली. प्रत्येक ठिकाणची खुर्ची शेवटी माझ्याच मापाची वाटू लागली. ती माझ्यासाठी बनवलेली नव्हती.' मग तिने मलाच साक्षीला ओढलं. 'तुम्ही उभ्या नोकरीत लाच घेतली नाहीत. कोणी बघत नसतानाही नाही. बरं-वाईट नुसतं माणसांनी ठरवलेलं असतं, तर ते एकांतात का टोचावं?' मी लिहिलं, 'तुझी आई बघत होती.' हा शेरा वाचून ती स्वयंपाकघरात खो खो हसली. खरं सांगायचं तर ते महिने आमचे छान गेले. सुमन गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांशी फक्त गॅस, लाईटबिल आणि भाजी एवढंच बोलत होतो.

पण मग प्रकरण जवळ आलं. 'ख्रिस्तच का?' असं मी विचारलं होतं. तिने लिहिलं : 'त्याला क्रुसावर चढवलं तेव्हा त्याची माणसं पळून गेली होती. तीच माणसं पुढे, आम्ही त्याला जिवंत पाहिलं असं सांगत मरायला तयार झाली. खोटं बोलून काय मिळणार होतं त्यांना?' मी समासात 'साक्षीदार उपलब्ध नाहीत' लिहून मोकळा झालो. पण खाली आणखी होतं. 'दुःख खरं आहे हे मला बुद्धांनी शिकवलं. तो मार्ग मला खोटा वाटत नाही, कधी वाटणारही नाही. पण आई गेल्यावर मला रस्ता दाखवणाऱ्यापेक्षा शेजारी येऊन बसणारा हवा होता. जो देव स्वतः मरणाच्या वेदनेत उतरला, तोच मला शेजारी बसणारा वाटतो. आणि बाबा, आजोबांनीही निवड केलीच होती ना?'

हे मला झोंबलं. आजोबांनी माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी निवड केली होती. तिची आणि त्यांची तुलना कशी होणार? पण शब्द तिचा होता, 'निवड', आणि तो मला खोडता येईना. मग मी रागाने लिहू नये ते लिहिलं :

'तुझी आई गेली तेव्हा तिच्याजवळ कोणी नव्हते. त्या वीस मिनिटांत हा शेजारी बसणारा कुठे होता? खुलासा करावा.'

फाइल चार दिवसांनी परत आली. खाली एकच ओळ होती. 'याचं उत्तर माझ्याकडे नाही, बाबा.' त्यानंतर फाइल कोणीच उघडली नाही. मी जिंकलो होतो, आणि घरात पुन्हा गॅस, लाईटबिल, भाजी सुरू झाली.

महिन्याभराने तिने बाप्तिस्म्याचा रविवार सांगितला. "तुम्ही आलात तर बरं वाटेल," एवढंच म्हणाली. मी येणार नाही म्हणालो. तिने मान हलवली आणि पेपर तपासायला बसली. तिचा चेहरा बघून मला स्वतःचीच चीड आली… पण शब्द मागे घेणं हे आमच्या कार्यालयात कधी शिकवलं नव्हतं.

जायचं नाही, पण रिकाम्या हातानेही पाठवायचं नाही, असं मी ठरवलं. सुमनचा बंद पडलेला फोन कपाटात होता. शेवटच्या दिवसांत सलाईनमुळे तिला लिहिता येत नसे, म्हणून ती प्रज्ञासाठी पाककृती फोनवर रेकॉर्ड करायची. प्रज्ञा कितीदा म्हणाली होती, बाबा, फोन दुरुस्त करून आणा. मीच टाळत होतो. तो आवाज ऐकायचं धाडस नव्हतं.

शुक्रवारी मी बुधवार पेठेत गेलो. दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईंनी फोन उघडला, भिंगातून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, फोन मेलाय. मेमरी जिवंत आहे." तासाभरात सगळं पेनड्राइव्हवर घालून दिलं. "बावीस रेकॉर्डिंग आहेत. शेवटचं बरंच लांब आहे. मी लोकांचं ऐकत नसते, घरी जाऊन ऐका."

घरी आलो. प्रज्ञा कॉलेजात होती. मी हेडफोन लावून सरळ शेवटचं लावलं. तारीख सुमन गेली तीच. वेळ, मी चहाला उतरलो तीच.

सुमन बोलत होती. दमलेली, पण स्पष्ट. "प्रज्ञा, सुकटाची चटणी. सुकट आधी कोरडंच भाजायचं, तेल नाही. मग पाण्यातून लगेच काढायचं, भिजत ठेवायचं नाही. लसूण भरपूर…"

थांबली. मग म्हणाली, "या ना. बसा. त्या स्टुलावर नको, तो हलतो. इथे बसा, कॉटवर."

मग शांतता. पंख्याचा आवाज, लांब कुठेतरी ट्रॉली. दुसऱ्या माणसाचा आवाज नाही, अजिबात नाही. मी नंतर पन्नासदा ऐकलंय.

"नाही, आता नाही दुखत."

शांतता.

"ते चहाला गेलेत. मीच पाठवलं."

पुन्हा शांतता, आणि मग एकदम, "अगंबाई! लिफ्टमध्ये? अंधारात घाबरतात हो ते. सांगाल का त्यांना? बसून घ्या म्हणावं. गुडघे दुखतील नाहीतर."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उठून पाणी प्यायलो. लिफ्टची गोष्ट मी जगात कोणालाही सांगितलेली नव्हती. आणि सुमन त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर, दाराआड, पलंगाला खिळलेली होती.

परत लावलं. ती हसत होती, अशक्त, पण तिचंच ते हसणं. "नाही मानत ते काहीच. पण माणूस चांगला आहे." मग बराच वेळ नुसता पंखा. मग "चला," म्हणाली. "थांबा… चप्पल घालते." त्यानंतर ती बोलली नाही. चारेक मिनिटांनी दार वाजलं, आणि माझाच आवाज आला : "सुमन?"

चपला पलंगाखालीच होत्या, हेही सांगून टाकतो. मीच त्या घरी आणल्या.

शनिवारी सकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. माझी सवय, पडताळणी केल्याशिवाय चैन नाही. त्या वॉर्डच्या जुन्या सिस्टर भेटल्या. शेजारचा पलंग तेव्हा रिकामा होता आणि मी सोडून त्या दुपारी कोणी आत गेलं नव्हतं, असं त्या ठामपणे म्हणाल्या. मग देखभालीचं काम बघणारा माणूस गाठला. त्याला विचारलं, लिफ्टमधला स्पीकर कुठे जोडलाय? तो मला आत घेऊन गेला आणि छताकडे बोट दाखवलं. "काका, स्पीकर कुठाय? ती पंख्याची जाळी आहे. ह्या लिफ्टला स्पीकर कधी नव्हताच."

रविवारी मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि प्रज्ञाच्या गाडीत तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती बघतच राहिली. चर्च म्हणजे वाघोलीतच दुकानांच्या वरचा एक हॉल. खाली गाडी लावल्यावर मी म्हणालो, "थांब. एक सांगायचंय. तुझी आई गेली तेव्हा मी औषधांच्या रांगेत नव्हतो. चहा प्यायला गेलो होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या शर्टावर चहा सांडलेला होता. ओला होता अजून."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

मला रडू आलं. पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर, या वयात. मग मी तिला लिफ्टचं सांगितलं आणि पेनड्राइव्ह गाडीत लावला. तिने डोळे मिटून ऐकलं. 'सुकट भिजत ठेवायचं नाही' याला ती हसली, आणि 'माणूस चांगला आहे' याला तिने माझा हात घट्ट धरला. 'बघा, मी म्हणत होते ना' असं ती म्हणेल अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "अनोळखी कोणी आलं असतं तर आईने आधी 'कोण हवंय?' विचारलं असतं. 'या ना' म्हणाली नसती."

वर दारात एका गृहस्थांनी अदबीने विचारलं, "आपण कोणाकडून?" मी म्हटलं, "मुलीकडून." शेवटच्या रांगेत बसलो. बाप्तिस्म्याच्या हौदातल्या पाण्यातून प्रज्ञा वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी तिचा दहावीचा निकाल लागल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी ख्रिस्ती झालो का? नाही. देव मानायला लागलो का? तेही सांगता येत नाही. मी शक्यता तपासल्या आहेत. वेदनाशामक औषधांनी भास होतात, मान्य. लिफ्टमध्ये घाबरलेल्या माणसाला आवाज ऐकू येतात, तेही मान्य. पण तिने तिसऱ्या मजल्यावर म्हटलेलं वाक्य मला त्याच वेळी बंद लिफ्टमध्ये जसंच्या तसं कसं ऐकू येतं? कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा. टोमणा नाही, खरंच विचारतोय.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या होत्या. बोलता बोलता सुमनचा विषय निघाला. हळहळत म्हणाल्या, "शेवटी जवळ कोणी होतं का हो तिच्या?" हा प्रश्न मला तीन वर्षं लोक विचारत आलेत, आणि मी खाली मान घालून 'नाही' म्हणत आलोय.

"होतं," मी म्हणालो.

"कोण?"

"ते मला माहीत नाही."