म्हसावदला थांबलेला लंगडीचा सामना

महायुद्ध सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात म्हसावदच्या शाळेमागच्या मैदानावर मुलींच्या लंगडीचा सामना अर्धा तास थांबला. थांबण्याचं कारण मी होते. मला कोणी शिवेना.

आमचा संघ तालुक्यातून निवडलेला होता. मी तेरा वर्षांची आणि पळण्यात सगळ्यात चपळ. सामन्याच्या आदल्या दिवशी मला पाळी आली आणि मी ती घरात लपवली. आईला कळलं असतं तर चार दिवस बाहेर बसावं लागलं असतं आणि लंगडी कायमची बंद झाली असती. मी फक्त चुलतबहिणीला सांगितलं. ती संघातच होती.

म्हसावदची पहिली मुलगी एका पायावर उड्या मारत माझ्याजवळ आली. तिने हात पुढे केला, तेवढ्यात रेषेबाहेरून चुलतबहीण ओरडली, "शिवू नको वं तिले! ती बाहेर बसेल शे!"

बहिणीचा हेतू चांगला होता. समोरच्या पोरीला थंडीत डोक्यावरून अंघोळ करावी लागू नये, एवढंच तिला वाटलं.

"बाहेर बसेल शे तं मैदानमा काय करी ऱ्हायनी?" प्रेक्षकांतून एका बाईने विचारलं. ती माझी आत्या होती. ती म्हसावदलाच दिलेली होती.

ती मुलगी हात मागे घेऊन माझ्याभोवती एका पायावर फिरत राहिली. शेवटी तिचा दुसरा पाय टेकला आणि ती बाद झाली. दुसरी आली, तिचंही तेच झालं. तिसरी दोन हात अंतरावरूनच परत वळली. मी जागची हलले नव्हते.

"हाई तं फसवणूक शे!" म्हसावदकर ओरडले.

पंच म्हणून उभ्या असलेल्या ड्रिल मास्तरांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. मग ते मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन चुन्याची रेषा तपासू लागले.

कोणाचा गुडघा फुटला तर असावी म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाई आयोडिनची बाटली घेऊन बसल्या होत्या. त्या उठून माझ्याकडे आल्या.

"पोट दुखतंय?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही."

"कापड धुऊन कुठे वाळवतेस?"

"गोठ्यात. कडब्याखाली."

"उन्हात वाळव. नाहीतर खाज सुटेल." मग त्या म्हसावदच्या मुलींकडे वळल्या. "ही खेळू शकते. हिला शिवल्यानं एकच गोष्ट होते. ही बाद होते."

"मले आंग धोवनं पडी," चौथी म्हणाली.

"धू की. घामानं भिजली आहेस, तशीही धुणारच."

एवढ्यात आत्या पदर सावरत रेषा ओलांडून आत आली. मला वाटलं, आता ती मला दंडाला धरून घरी नेणार. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती नर्सबाईंच्या कानाशी वाकली, पण तिला हळू बोलता येत नसे.

"बाई, मन्हं आंगवरनं जास. वरीस व्हयनं."

"वर्षभर? आणि आज सांगताय?"

"कोणले सांगू? डाक्टर तं गडीमाणूस शे."

तिच्यामागे आणखी दोघी आल्या, मग पाच-सहा. रिंगणात खेळाडूंपेक्षा बायका जास्त झाल्या. ड्रिल मास्तरांनी लांबून शिट्टी वाजवली. कोणी हललं नाही. शेवटी नर्सबाईंनीच सगळ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात बोलावलं आणि मैदान मोकळं झालं.

खेळ पुन्हा सुरू झाला. चौथी मुलगी चार उड्यांत आली आणि तिने माझ्या पाठीत असा रट्टा दिला की मी गुडघ्यावर पडले. सामना म्हसावदने जिंकला. चौथी डोक्यावरून न्हाली की नाही, ते कळलं नाही.

आत्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली आणि त्या आठवड्याच्या शेवटी आमच्या घरी आली. आईने विचारलं, "काय व्हयनं सामनामा?"

"हारन्यात," आत्या म्हणाली आणि तिने चहा मागितला.

पुढच्या हिवाळ्यात मी लंगडीचे तीन सामने खेळले.